खालून वर बघणारा माणूस

माझे सासरे माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघत. आधी बूट, मग गुडघे, मग हात, मग कॉलर, आणि तिथवर समाधान झालंच तर नाक-डोळे. मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला गेलो तेव्हा त्यांनी मला जिन्याच्या तोंडाशीच थांबवलं, माझ्या नमस्काराला जेमतेम मान हलवली आणि माझ्या स्कूटरपाशी जाऊन जमिनीवर उताणे झाले. इस्त्रीचा शर्ट घालून उताणे. स्कूटरच्या खालून बॅटरीचा उजेड इकडून तिकडे फिरताना दिसत होता आणि मी फळांची पिशवी धरून, चुकून परीक्षेला दुसऱ्याच वर्गात बसलेल्या मुलासारखा उभा. शेवटी ते उठले, पाठ झटकली आणि घरात जाऊन म्हणाले, "मुलगा बरा दिसतो. ऑइल गळतंय."

"मुलाचं की स्कूटरचं?" आतून सासूबाईंचा आवाज आला.

"सध्या स्कूटरचं."

ते "सध्या" मी अजून विसरलेलो नाही.

घरात त्यांना सगळे अण्णा म्हणत, आणि ते जिथे नोकरीला होते त्या बस डेपोत बॅटरीअण्णा. बसगाड्यांची तपासणी हे त्यांचं काम. डेपोत जमिनीत एक लांबट, सिमेंटचा खड्डा असतो. बस त्याच्यावर येऊन उभी राहते आणि तपासणारा खड्ड्यात उतरून तिचं पोट बघतो. तुम्ही-आम्ही बसची पाटी बघतो, खिडकीची जागा रिकामी आहे का ते बघतो. अण्णांनी सबंध नोकरीभर बसची पोटं बघितली. बसला तोंड असतं याची त्यांना ऐकीव माहिती होती. एकदा आम्ही दोघं थांब्यावर उभे असताना आमची बस समोरून आली, थांबली आणि निघूनही गेली. मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही कालच पास केलेली गाडी ना ती?" तर म्हणाले, "समोरून ओळखू आली नाही."

वरून सगळ्याच गाड्या देखण्या असतात, हे त्यांचं तत्त्वज्ञान. रंगखात्यावर त्यांचा खास राग. "ते लोक गंज लपवायचा पगार घेतात," असं ते म्हणत आणि रंगखात्यातला मुकादम समोर असेल तर जरा मोठ्यानं म्हणत. नट दुसऱ्यानं आवळला असेल तर ते तपासत, स्वतः आवळला असेल तर दुसऱ्याला तपासायला लावत, आणि मग त्या दुसऱ्यानं नीट तपासलं का, ते तपासत. या चक्रातून गाडी सुटली की ती कुठल्याही घाटातून सुखरूप खाली येई. माणसं मात्र त्यांच्या हाताखाली फार दिवस टिकत नसत.

त्या डेपोत एक रीत होती. कुठल्याही नियमात ती लिहिलेली नव्हती. ज्यानं ब्रेक दुरुस्त केला त्यानं मागच्या आवारातल्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. ड्रायव्हर त्याच्या अंगावर गाडी आणणार आणि भिंतीपासून चार पावलांवर मारलेल्या चुन्याच्या रेघेवर थांबवणार. थांबली की मगच ड्रायव्हर ती गाडी रस्त्यावर नेणार. मी एकदा हा प्रकार डोळ्यांनी बघितला. गाडी सुटली तेव्हा ड्रायव्हर खिडकीतून ओरडत होता, "अण्णा, जरा बाजूला व्हा की. मला शिंक आली तर?"

"शिंकायच्या आधी ब्रेक दाब," अण्णा म्हणाले आणि पापणीही न लववता उभे राहिले.

एका नव्या साहेबानं ही रीत बंद करायची नोटीस लावली. अण्णांनी ती वाचली, नोटिशीचे खिळे नीट बसलेत का ते बोटानं बघितलं आणि भिंतीकडे गेले. मला ते म्हणाले, "तोंडानं सांगून भरवसा बसत नाही, जावईबुवा. काम माझं, तर पुढे उभा मी."

असा हा माणूस ज्या बाईशी संसार करत होता, तिचा मात्र अख्ख्या जगावर विश्वास. सासूबाई घरी शिवणकाम करत आणि दार सताड उघडं ठेवत, कारण "कुणी यायचं असेल तर येऊ दे की." कधीच धार लावावी लागत नाही असं सांगणाऱ्या फेरीवाल्याकडून त्यांनी एक चाकू घेतला होता. तो बोथट झाला तेव्हा त्या हळहळून म्हणाल्या, "बिचाऱ्याला कुणीतरी फसवलं असणार." अण्णा दूध वास घेतल्याशिवाय तोंडाला लावत नसत, गॅसचं बटण बंद करून पुन्हा बंद करत, आणि बाहेर पडल्यावर कुलूप ओढून बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येत. सासूबाई वाटेत शांतपणे उभ्या राहत. कुणी विचारलंच तर सांगत, "हे कुलपाची चौकशी करायला गेलेत. फार जीव आहे त्याच्यावर."

मी इंग्रजीचा मास्तर. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी एका जेवणात मी माझी विद्या पाजळली. अण्णांनी माझ्या ताटातला मासा मला खाऊ देण्यापूर्वी उलटा करून बघितला होता, त्याचा तो सूड. म्हटलं, "अण्णा, तुमच्या या स्वभावाला इंग्रजीत सस्पिशन म्हणतात. शब्द मूळचा लॅटिन. त्याचे दोन तुकडे आहेत, एकाचा अर्थ खालून आणि दुसऱ्याचा बघणे. खालून वर बघणे म्हणजे संशय."

अण्णांनी चमचा खाली ठेवला. एखादा शब्द कौतुकानं ऐकताना मी त्यांना तेवढा एकदाच पाहिला. "खड्ड्यातून," ते म्हणाले.

"तसंच काहीसं."

"मग हे लॅटिनवाले शहाणे होते. बाकी सगळे वरून बघतात आणि फसतात."

"पण गंमत पुढेच आहे," मी म्हणालो. "त्याच लॅटिन शब्दाचा दुसरा अर्थ होता, कुणाकडे तरी आदरानं मान वर करून बघणं. तोच शब्द. पुढे इंग्रजीत येता येता आदर गळून पडला आणि संशय तेवढा उरला."

"रंगखात्याचं काम," अण्णा म्हणाले.

सासूबाई हसल्या. "म्हणजे बघणारा तसाच खाली उभा राहणार, फक्त मनात काय आहे त्यावर अर्थ अवलंबून? मी तर ह्यांच्याकडे जन्मभर खालूनच बघत आले. उंचीच तेवढी आहे."

"आणि इंग्रजीत आणखी एक घोटाळा," मी रंगात आलो होतो. "आपल्याकडे संशयी वेगळा आणि संशयित वेगळा. त्यांच्याकडे दोघांना एकच शब्द, सस्पिशस. जो संशय घेतो तोही सस्पिशस आणि ज्याच्यावर घेतला जातो तोही सस्पिशस."

"मग पोलिसांनी धरायचं कुणाला?" सासूबाईंनी विचारलं.

"जो हाताशी लागेल त्याला," अण्णा म्हणाले आणि पुन्हा माशाकडे वळले.

अण्णा निवृत्त झाले आणि त्यांच्या हातांना काम उरलं नाही. मग त्यांनी घरातल्या खुर्च्या उलट्या करून पाय आवळले, शेजाऱ्यांच्या सायकली पास-नापास केल्या आणि बाकी वेळ सासूबाईंच्या औषधांवर लक्ष ठेवलं. सासूबाईंना बरीच वर्षं डायबेटिस होता. पायाच्या अंगठ्याला एक जखम झाली होती आणि ती काही केल्या भरत नव्हती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गोळी चुकली तर आधी अंगठा जाईल, मग पाय, आणि त्याच्या पुढचं त्यांनी तोंडानं न बोलता नुसत्या हातानं दाखवलं होतं. तेव्हापासून दोन्ही जेवणांच्या आधीची गोळी अण्णा स्वतः देत. औषधाच्या दुकानात ते पाकिटावरची तारीख भिंग लावून बघत. दुकानदार त्यांना लांबून येताना पाहून भिंग काढूनच ठेवायचा.

एका दुपारी त्यांनी गोळी आणि पाणी पुढे केलं, तेव्हा सासूबाईंनी पेला हातात घेतला, पाण्याकडे बघितलं आणि पेला परत दिला. "तुम्ही आधी प्या," त्या म्हणाल्या.

अण्णांना थट्टा वाटली. ते प्यायले. सासूबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता दुसरं आणा. मी मागून येते नळापर्यंत."

तिथून ते सुरू झालं. ह्यांनी पाण्यात काहीतरी घातलंय. ह्यांच्या हातच्या चहाला वास येतोय. ह्या गोळ्या पूर्वीसारख्या नाहीत, ह्यांनी बदलल्यात. आम्ही डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारले आणि सासूबाईंनी सगळ्यांची चोख उत्तरं दिली. शिवाय डॉक्टरच्या कोटाचं बटण उसवलंय हेही सांगितलं. डॉक्टर आम्हाला बाहेर म्हणाले, "बाकी बुद्धी लख्ख आहे. एवढी एकच गोष्ट घट्ट बसलीय. या वयात होतं असं कधी कधी. समजावून उपयोग नाही." संशयावरचीही गोळी असते म्हणे. माझ्या बायकोनं माहेरी राहून आईला ती देऊन बघितली, पण सासूबाई दिवसचे दिवस झोपून राहू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनीच ती थांबवली.

यातली खरी टोचणी वेगळी होती. त्यांचा संशय फक्त अण्णांवर होता. मुलीच्या हातून त्या गोळी घेत. दारावर येणाऱ्या फळवाल्यानं दिलेलं सफरचंद न धुता खात. मुलगी रोज दोन्ही वेळा गाव ओलांडून येऊ शकत नव्हती, तिची इस्पितळातल्या धुलाईखात्यातली नोकरी पाळीची. आम्ही म्हटलं, आमच्याकडे चला. तर सासूबाई म्हणाल्या, "आणि ह्यांच्या जेवणाचं काय? एकटे कसे राहतील हे?" आपल्याला विष घालणाऱ्या माणसाची उपासमार होईल याची त्यांना काळजी. एक नर्स ठेवून बघितली. सासूबाईंनी तिचं छान स्वागत केलं, तिच्या झग्याचा काठ शिवून दिला आणि संध्याकाळी तिला रजा दिली.

अण्णा एकदा त्यांच्यावर चिडले. आयुष्यात पहिल्यांदाच असावं. "अगं, एवढी वर्षं झाली आपल्याला. मी कधी तुझं वाईट केलंय?"

सासूबाई शिवणयंत्रापाशी बसल्या होत्या. त्यांनी दोरा दातानं तोडला. "नाही हो. तुम्ही फार चांगले आहात. पण तुम्ही जन्मभर सगळ्यांना तपासलंत, मी कुणालाच तपासलं नाही. आता मी तपासते. तुम्हाला राग यायचं काय कारण? तुम्हीच म्हणता ना, तोंडानं सांगून भरवसा बसत नाही."

हे सगळं अण्णांचंच बोलणं होतं. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, काम माझं, तर पुढे उभा मी.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी ते गोळ्यांचं अख्खं पाकीट घेऊन बायकोसमोर उभे राहिले. "तू निवड दोन. कुठल्याही."

सासूबाईंनी पाकीट उलटसुलट केलं, मधली एक काढली, टोकाची एक काढली, दोन्ही मुठीत खुळखुळवल्या.

"ह्यातली एक मला दे," अण्णा म्हणाले. त्यांनी ती गिळली आणि तोंड उघडलं.

"जीभ वर करा," सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या आणि खुंटीवरची त्यांचीच बॅटरी घेऊन त्यांच्या तोंडात उजेड पाडला. एवढा उंच माणूस आ वासून उभा आणि ती लहानखुरी बाई खालून त्याचे दात-दाढा तपासत होती. मग त्यांनी बॅटरी विझवली, घड्याळाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. तो पडला नाही. त्यांनी आपली गोळी घेतली.

त्या संध्याकाळी अण्णांचा मला फोन आला. "घेतली," एवढंच म्हणाले. आवाज असा, की गाडी रेघेवर थांबली असावी. कशी घेतली हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, ते आम्हाला पुढे कळलं. आम्हाला वाटलं, सासूबाईंचा संशय मावळला.

ज्या माणसानं माशाला उलटं करून बघितलं, त्यानं ती गोळी एकदाही उलटी करून बघितली नाही. औषध आहे, कुणाचं वाईट थोडंच करणार, असा त्यांचा हिशेब. साखर वाढलेल्या माणसाची साखर खाली आणणारी गोळी, साखर न वाढलेल्या माणसाचीही खालीच आणते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. डेपोत ब्रेक सगळ्याच गाड्यांना लागतो.

काही आठवडे ते रोज दोनदा त्या गोळ्या घेत होते. त्यांना दरदरून घाम सुटे, हात कापत, डोळ्यांपुढे काजवे चमकत. वय झालं, असं म्हणून ते बिस्किटं खात, की बरं वाटे. सासूबाई हे सगळं टिपत होत्या. "तुमचे हात का हो कापतात?" त्या विचारत. "थंडी," अण्णा सांगत आणि कपाळावरचा घाम पुसत. तरी रोज गोळी निघे, रोज जीभ वर होई आणि रोज सासूबाई आपली गोळी घेत. अंगठ्याची जखम भरू लागली होती. माझी बायको आनंदात होती.

मग एका दुपारी अण्णा गोळी गिळून नळाच्या दुरुस्तीला बसले आणि जेवायचं राहून गेलं. नळाखाली डोकं घालून वरचं बघायला ते उताणे झाले, त्यांची नेहमीचीच बैठक. सासूबाईंनी दोन-तीनदा हाक मारली. उत्तर नाही. त्यांनी वाकून बघितलं तर हा माणूस घामानं निथळतोय आणि डोळे अर्धवट उघडे. सासूबाईंनी शेजाऱ्यांना बोलावलं, गाडी मागवली, मुलीला फोन केला, दाराला कुलूप लावलं आणि त्या दुखऱ्या पायानिशी गाडीत चढल्या. डॉक्टर म्हणाले होते तसं, बाकी बुद्धी लख्ख.

इस्पितळात अण्णांच्या शिरेत साखरेचं पाणी चढवल्यावर ते शुद्धीवर आले. तरुण डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या, "आजोबा, तुम्हाला डायबेटिस नाही. मग ही गोळी का घेत होता?"

"ब्रेक दाखवत होतो," अण्णा म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना वाटलं, माणूस अजून पुरता शुद्धीवर नाही. माझ्या बायकोला मात्र लगेच कळलं. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सासूबाई पलंगाशेजारी बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. किती दिवसांनी घेतला कुणास ठाऊक. "मी म्हणत होते ना," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "त्या गोळ्यांत काहीतरी आहे. बघितलंत? पण तुम्हाला ठाऊकच नव्हतं हो. ठाऊक असतं तर तुम्ही स्वतः कशाला खाल्ल्या असत्या? आणि मी वेडी तुमच्यावर संशय घेत बसले. कुणीतरी आपल्या दोघांच्या जिवावर उठलंय."

"अगं, तसं नाही," अण्णा म्हणाले. "गोळी चांगली आहे. मला तो आजार नाही म्हणून मला बाधली. तुला ती लागते."

सासूबाईंनी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि आमच्याकडे बघून कीव आल्यासारख्या हसल्या. "किती साधे आहेत बघा. ह्यांना कुणीही काहीही सांगावं."

अण्णांना आजवर कुणी साधं म्हटलं नव्हतं. रंगखात्यातला मुकादम तिथे असता तर त्याला बसायला स्टूल द्यावं लागलं असतं. आम्ही कुणी हसलो नाही. अण्णा छताकडे बघत पडून राहिले. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. बायकोचा त्यांच्यावर पुरेपूर विश्वास बसला होता आणि तिच्या जिवासाठी त्याहून वाईट काही घडू शकलं नसतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी पहिलं काम केलं, सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या. मुलीनं नवं पाकीट आणलं तर म्हणाल्या, "तुलाही फसवतायत ते." ज्या मुलीच्या हातून त्या निर्धास्त गोळी घेत, तिच्या हातचं आता पाणीसुद्धा चालेना. इंजेक्शन देणाऱ्याला त्यांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. शेजारणीनं आणलेला ब्रेड परत गेला. दार, जे जन्मात कधी लावलं नव्हतं, ते आतून लावलेलं असे. चालत होतं फक्त अण्णांचं. अण्णांनी दिलं तर खायचं, नाही तर नाही. संध्याकाळी दोघं खिडकीशी बसत, सासूबाई त्यांच्या खांद्याला टेकत आणि म्हणत, "आपण दोघं आहोत ना, मग झालं." लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय सुखाची जोडी आहे.

अंगठा पुन्हा चिघळला. काळी कड दिसू लागली.

डॉक्टर घरी येऊन बाहेरच्या खोलीतूनच परत निघाले, तेव्हा अण्णा आणि मी त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत गेलो. डॉक्टर भला माणूस. त्यानं बूट घालता घालता सांगितलं, "ही गोळी कुटली तरी चालते. सूपमध्ये घाला. बऱ्याच घरांत करावं लागतं असं, मनाला लावून घेऊ नका. आणि तुम्ही स्वतः त्यातलं चाखू नका, आजोबा. पुन्हा पडलात तर त्यांना कोण बघणार?"

डॉक्टर गेले. अण्णा जिन्याच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसलो.

"माझ्या बायकोला घालू दे," मी म्हणालो. "ती सूप करून आणेल."

"तिच्या हातचं ही खाणार नाही."

"तुम्ही केलंय म्हणून सांगू."

"आणलं कुणी, केलं कुणी, वाढलं कुणी, सगळं बघते ती. दारात बसून बघते." ते आपल्या तळव्यांकडे बघत होते. नखांतलं डेपोचं काळं एवढ्या वर्षांत निघालं नव्हतं. "जावईबुवा, ती म्हणत होती, मी तिच्या खाण्यात काहीतरी मिसळतो. तेव्हा ते खोटं होतं. उद्यापासून खरं होईल. आणि उद्यापासून ती म्हणणार नाही."

ते उठले, कठडा हलतोय का ते सवयीनं बघितलं आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. पायामुळे सासूबाईंना उभं राहणं जमत नव्हतं, म्हणून स्वयंपाक आता अण्णांकडे होता. ते भोपळ्याचं सूप करत होते, म्हणजे बराच वेळ भांडं वर उचलून खालून जाळ कसा लागतोय ते बघत होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी त्यांच्याशी गप्पा मारायला लागलो. शिवणयंत्राचा पट्टा, शाळेतली पोरं, माझं वाढलेलं पोट, कशावरही. त्या माझ्याकडे वळल्या. मी अण्णांकडे बघितलं नाही. वाडग्यावर चमचा एकदा वाजला.

अण्णांनी वाडगा आणून त्यांच्या मांडीवरच्या फडक्यावर ठेवला. सासूबाईंनी चमचा घेतला आणि थांबल्या. मला वाटलं, आता म्हणणार, तुम्ही आधी घ्या. अण्णांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांचा हात आपणहून चमच्याकडे गेला. डॉक्टरांनी बजावलं होतं, तरी गेला. मला तर वाटतं, त्यांना ते हवंच होतं. एक घोट त्यांना घेता आला असता, तर ते पुन्हा भिंतीला पाठ लावून उभे राहिले असते.

सासूबाईंनी त्यांचा हात अलगद बाजूला केला. "आता कशाला? तुमच्या हातचं आहे ना? गरम आहे म्हणून थांबले मी."

आणि फुंकर घालून त्यांनी सूप संपवलं. वाडगा तिरका करून शेवटचा चमचासुद्धा.

अंगठा वाचला. पाय वाचला. सासूबाईंची साखर इतकी ताळ्यावर आली की डॉक्टरांनी अण्णांची पाठ थोपटली. सासूबाई येईल त्याला सांगतात, औषधं सोडली आणि मी बरी झाले, सगळी ह्यांच्या हाताची चव. त्यांनी सांगायला सुरुवात केली की अण्णा काहीतरी आणायला उठतात.

ते आता बायकोबरोबर जेवायला बसत नाहीत. तिला वाढतात आणि स्वयंपाकघरात जाऊन पाठ करून उभे राहतात. परवा मी गेलो होतो तेव्हा सासूबाईंनी बाहेरून हाक मारली, "अहो, या ना. एकटीला जेवण जात नाही मला."

"तू कर सुरू," अण्णा आतून म्हणाले. "भांडं घासून येतो."

भांडं मघाशीच घासून झालं होतं. त्यांनी नळ सोडला आणि ते पुन्हा घासायला घेतलं.